मुलीचा दमा आणि तोंडावर आलेला पावसाळा: बरं वाटतंय तर रोजचा पंप बंद करावा का?

चाफा_अंगणी

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसती वाचते आहे, आज विचारायचं आहे म्हणून लिहिते.

देवगड तालुक्यात खाडीच्या काठाला आमची वाडी. घर चिऱ्याचं, कौलारू, मागे माड आणि काजू. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि आमची नऊ वर्षांची मुलगी.

गेल्या पावसाळ्यात तिला रात्रीचा खोकला सुरू झाला. दिवसा अगदी नीट, शाळेत जायची, खेळायची. पहाटे तीन-चारच्या सुमारास मात्र उठून बसायची आणि खोकून खोकून उलटी व्हायची. छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. जवळच्या दवाखान्यातून खोकल्याची औषधं झाली, अँटिबायोटिक झालं, तेवढ्यापुरता फरक पडायचा. मग गणपतीत आरतीला माजघरात सगळी वाडी जमलेली, धूप, कापूर, दारं वाऱ्यासाठी ओढून घेतलेली, आणि ही माझ्याजवळ येऊन "आई, मला..." एवढंच म्हणाली. पुढचा शब्द काढायला तिला थांबून श्वास घ्यावा लागला. त्या रात्री कणकवलीला बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी दमा असल्याचं सांगितलं. रोज सकाळी आणि रात्री बुडेसोनाइडचा पंप (१०० मायक्रोग्रॅमचा एकेक फवारा) आणि लागला तरच साल्ब्युटामॉलचा निळा पंप, दोन्ही स्पेसरमधून (पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी).

तेव्हापासून खूप फरक आहे. शिमग्यापासून तर निळा पंप हातात घ्यावा लागलेला नाही. आणि तिथेच घरात वाद आहे. सासूबाई म्हणतात, "चेडू आता बरां झालां मां, मगे कित्याक व्हयो तो पंप? सवय लागतली." त्यांच्या सख्ख्या भावाला दमा होता, त्यांनी त्याचे फार हाल पाहिलेत. नातीवर जीव आहे म्हणूनच बोलतात, हे मला कळतं. शेजारच्या काकूंनी आता नवीन काढलंय, त्यात स्टिरॉइड असतं आणि मुलीची उंची खुंटते. यजमान आंब्याच्या गडबडीत, ते म्हणतात तू ठरव.

बरं असताना रोजचा पंप खरंच द्यायचा का? पावसाळ्यात आमच्या भिंतींना ओल धरते, कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, त्याचं काय करावं? आणि रात्री-अपरात्री काही झालं तर? वाडीतून डांबरी रस्त्यापर्यंत यायलाच वेळ जातो, साकवावर पाणी असलं तर आणखी. मला त्या रात्रीचीच भीती वाटते.

लालबागचा_गाववाला

ताई, काळजी करू नका, पुष्कळ मुलं मोठी होतात तसा दमा कमी होतो. माझ्या मावसभावाला हैदराबादला नेलं होतं, मृग लागतो तेव्हा तिथे जिवंत माशातून औषध देतात. दरवर्षी हजारोंनी माणसं जातात. एकदा नेऊन बघा. आणि दही, केळी, रात्रीचा भात बंद करा, कफ होतो. पोरीला लवकर बरं वाटू दे.

औषधखिडकी

ताई, मी सरकारी दवाखान्यात औषध निर्माण अधिकारी होतो, बहुतेक नोकरी दापोली-मंडणगड भागात झाली, आता निवृत्त आहे. मला स्वतःला लहानपणापासून दमा आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे डोस कमी-जास्त करायचा तो तुमच्या डॉक्टरांनीच. पण औषधाच्या खिडकीत बसून हा प्रश्न आयुष्यभर ऐकलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

पंप बंद करू नका. मृग तोंडावर असताना तर मुळीच नको.

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. मुलगी अंगणात धावत असते तेव्हाही ती थोडीफार असते, फक्त दिसत नाही. सुजलेल्या नळ्या चिडक्या होतात. सर्दी, धूर, बुरशी, थंड वारा, काहीही निमित्त झालं की त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साठतो आणि शिट्टी वाजायला लागते. निळा पंप आवळलेले स्नायू सैल करतो. काही मिनिटांत आराम पडतो, तो चार-सहा तास टिकतो. सुजेला मात्र तो हात लावत नाही. सुजेवर काम करतं ते बुडेसोनाइड, आणि तेही दिवसांच्या, आठवड्यांच्या हिशोबानं. शिमग्यापासून निळा पंप लागला नाही याचा अर्थ रोजचा पंप आपलं काम चोख करतोय.

तो सोडला की लगेच काही होत नाही, हीच खरी अडचण. आठवडाभर सगळं छान असतं, घरातल्यांना वाटतं बरोबर केलं. सूज हळूहळू परत चढत असते. तोवर शाळा सुरू होते, वर्गात एकाची सर्दी सगळ्यांना लागते, पाऊस धरतो. जूनच्या अखेरीपासून आमच्या खिडकीवर निळा पंप मागणाऱ्यांची रांग वाढायची. विचारलं, रोजचा कुठाय, की उत्तर ठरलेलं: "उन्हाळ्यात बरं होतं म्हणून सोडला." त्यातले काही जण पुढे रात्री ऑक्सिजनवर आलेले मी बघितलेत.

नुसत्या निळ्या पंपावर वर्षानुवर्षं काढणारे तर अधिकच धोक्यात. दम्याच्या उपचारांबद्दल जगभर ज्यांचं मार्गदर्शन मानलं जातं त्या 'जीना' (GINA) या संस्थेनं २०१९ पासून स्पष्टच सांगितलंय की मोठ्यांना आणि बारा वर्षांपुढच्या मुलांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नये, सूज उतरवणारं औषध सोबत हवंच. तुमच्या मुलीला ते पहिल्यापासून मिळतंय, ही फार चांगली गोष्ट आहे.

डोस कधीच कमी होत नाही असं नाही. साधारण तीन महिने दमा पूर्ण ताब्यात राहिला की डॉक्टर पायरी-पायरीनं कमी करून बघतात. पण त्यासाठी काळही बघतात. सर्दीची साथ नको, प्रवास नको, त्या रुग्णाचा वाईट ऋतू नको. आपल्या मुलीचा वाईट ऋतू कोणता ते तुम्हीच वर लिहिलंय.

आता स्टिरॉइड. या शब्दानं माणसं घाबरतात, कारण त्यांनी गोळ्या-इंजेक्शनांचे परिणाम ऐकलेले असतात. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं. तुमच्या मुलीला दिवसाला २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा पाचवा भाग मिळतो, आणि तोही थेट फुप्फुसात. मोठा अटॅक आला तर तिच्या वयाच्या मुलांना प्रेडनिसोलोन तोंडावाटे २५ ते ४० मिलिग्रॅमच्या घरात, रोज, तीन ते पाच दिवस द्यावं लागू शकतं. दोन औषधं वेगळी आहेत, त्यामुळे वजनाची तुलना तंतोतंत नाही, पण अंदाज यावा. रोजचा छोटा डोस टाळून आपण मोठ्या डोसाला आमंत्रण देतो. उंचीचं विचारलंत तर खरं तेच सांगतो: सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत वाढीत सेंटिमीटरभराचा फरक पडू शकतो, पण तो दरवर्षी वाढत जात नाही. आटोक्यात नसलेल्या दम्यानंही मुलांची वाढ मंदावते, आणि शिवाय रात्रीची झोप जाते, शाळा बुडते. सासूबाईंना हे शांतपणे सांगा. त्यांच्या भावाच्या वेळी ही औषधं गावात पोचलेलीच नव्हती. त्यांनी जे पाहिलं ते औषध नसलेल्या दम्याचे हाल. आणि व्यसनासारखी सवय या पंपाची लागत नाही.

औषध बरोबर घेतलं जातंय का ते मात्र आजच बघा. मी पंप देताना माझ्यासमोर घ्यायला लावायचो, आणि भलेभले चुकायचे. पंप नीट हलवायचा. स्पेसरला मागून बसवायचा. नऊ वर्षांच्या मुलीला मुखवटा नको, तोंडात धरायचा तुकडाच हवा. तो दातांच्या मध्ये धरून ओठ घट्ट मिटायचे. फवारा एकच. मग तिथल्या तिथे सावकाश पाच-सहा श्वास, आत आणि बाहेर. प्रत्येक श्वासाला स्पेसरची झडप हलताना दिसली पाहिजे. ती हलत नसेल तर ओठांच्या कडेनं हवा जातेय किंवा मुलगी नाकानं श्वास घेतेय. दुसरा फवारा द्यायचा असेल तर अर्धा मिनिट थांबून, पंप परत हलवून. घाईनं दोन फवारे एकदम सोडले तर बरंचसं औषध स्पेसरच्या भिंतीलाच चिकटून बसतं. रोजच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायला लावा, नाहीतर जिभेवर पांढरे चट्टे येतात, आवाज घोगरा होतो. दात घासायच्या आधी पंप ठेवला की चूळ आपोआप होते, विसरायलाही होत नाही.

स्पेसर आठवड्यातून एकदा भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढायचा आणि तसाच उभा निथळत ठेवायचा. फडक्यानं आतून पुसायचा नाही. पुसल्यावर प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध तिथे ओढलं जातं. पंप ३० अंशांच्या वर तापू देऊ नका, मे महिन्यात गाडीच्या डिकीत तर अजिबात नको. इथे कोणी मोठी माणसं कॅप्सूल फोडून ओढायच्या पावडरीवर असतील तर त्यांनी कॅप्सूल लागेल तेव्हाच पाकिटातून काढावी. आपल्या दमट हवेत ती मऊ पडते आणि पावडर आत गोळा होते. आणि पंप रंगावरून ओळखू नका, नाव वाचा. कंपनी बदलली की रंगही बदलू शकतो.

घराचं. ओल आणि बुरशी पूर्ण जाणार नाही, आपण कोकणात राहतो. निदान ती जिथे झोपते ती खोली सांभाळा. मे संपायच्या आत गाद्या, उशा, गोधड्या कडक उन्हात घाला. माळ्यावरची पोती, जुनी वह्या-पुस्तकं तिच्या खोलीत नकोत. झाडलोट, कौलांची साफसफाई, जळमटं काढणं ती घरात नसताना करा आणि कोरडा केर काढण्यापेक्षा ओल्या फडक्यानं पुसा. पावसात ओले कपडे तिच्या खोलीत वाळत घालू नका. पलंग ओलीच्या भिंतीपासून हातभर पुढे ओढा. छप्पर गळतंय तिथली दुरुस्ती ही तिच्या औषधाइतकीच महत्त्वाची धरा. गळती तशीच ठेवून नुसती भिंत पुसली तर बुरशी परत येते.

धुराचं तर मी हात जोडून सांगतो. आपल्याकडे गॅस आला तरी न्हाणीत पाणी तापवायला नारळाची सोडणं आणि पातेराच (पालापाचोळा) जळतो, आणि पावसाळ्यात तो ओला असतो. तो काळा धूर कौलांखाली घरभर फिरतो. शक्य असेल तर तिच्या अंघोळीचं पाणी गॅसवर तापवा आणि न्हाणीची चूल पेटली असेल तेव्हा मधलं दार लावा. डासांसाठी कॉइलऐवजी मच्छरदाणी. काजूच्या बिया भाजताना टरफलातलं तेल जळून जो धूर होतो तो चांगल्या माणसालाही खोकवतो, त्या वेळी तिला लांब ठेवा. शेतातल्या भाजावळीच्या दिवसांतही तेच. घरात कोणी विडी ओढत असेल तर ती पडवीतही नको. गणपतीत आरती जरूर करा, पण खिडक्या सताड उघड्या ठेवा, धूप बाहेर तुळशीपाशी लावा, तिला दाराजवळ उभी करा. रंगकाम करणार असाल तर ते गणपतीच्या पुष्कळ आधी उरका, वास जायला वेळ मिळतो.

आणि आता तुमची ती रात्र. त्या रात्री काय करायचं ते त्या रात्री ठरवायचं नाही. डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या: निळ्या पंपाचे किती फवारे, किती वेळानं, आणि कधी निघायचं. सर्वसाधारणपणे असं असतं: तिला ताठ बसवायचं, झोपवायचं नाही. स्पेसरमधून निळ्या पंपाचे ४ फवारे, एकेक करून, प्रत्येकाला पाच-सहा श्वास. वीस मिनिटांत फरक नसेल तर पुन्हा तेवढेच, आणि त्याच वेळी गाडी सांगायची. वाट बघत बसायचं नाही. १०८ला फोन करायचा आणि रस्त्यातही पंप देत राहायचं. आराम पडला पण तीन-चार तासांच्या आत परत लागला, तरी डॉक्टर गाठायचे. बोलताना वाक्य पुरं होत नाही, गळ्याखालचा खड्डा आणि बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जाते, ओठ निळसर, मुलगी गळून गेल्यासारखी झोपाळू, यातलं काहीही दिसलं तर तडक निघा. एक लक्षात ठेवा, आधी शिट्टी मोठ्यानं वाजत होती आणि आता एकदम थांबली, पण मुलगी अजून धापतेच आहे, तर ते बरं होणं नव्हे. आत हवाच फिरत नाहीये म्हणून आवाज नाही. तेव्हा क्षणभरही थांबायचं नाही.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे रस्ते झाडांनी बंद होते, वीज आणि फोन कितीतरी दिवस नव्हते. ज्यांच्या घरी जास्तीचा पंप होता त्यांचं निभावलं. म्हणून दोन्ही प्रकारचा एकेक पंप शिलकीत, प्लास्टिकच्या घट्ट डब्यात ठेवा. पंपावर किती फवारे उरले त्याचा आकडा नसेल तर पट्टी चिकटवून सुरू केल्याची तारीख लिहा. हलवून आतलं औषध कळत नाही. औषध संपलं तरी वायू सुटत राहतो.

लालबागच्या दादांना: तुम्ही आपुलकीनं लिहिलंत. पण त्या माशाच्या औषधानं दमा बरा होतो असं कुठल्याही तपासणीत सिद्ध झालेलं नाही, आणि त्या गर्दीतल्या प्रवासात मुलीचा रोजचा पंप चुकला तर मोठा धोका. दही-केळी-भाताचंही तसंच. एखादा पदार्थ खाल्ल्यावर तिला दरवेळी त्रास होतो असं दिसलं तरच तो बंद करावा. नाहीतर वाढत्या वयाच्या पोरीचं खाणं तेवढं तुटतं.

चाफा_अंगणी

काका, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. आजच बघितलं, ती तुकडा नुसता ओठांवर टेकवत होती, दातांत धरतच नव्हती. झडप हलत नव्हती. आता हलते. सासूबाईंना तुमचा स्टिरॉइडचा भाग वाचून दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "दादाक असां काय गावला असतां तर."

एक विचारायचं राहिलं. मुंबईचे दीर नेब्युलायझर (औषधाचे बारीक तुषार करून देणारं) मशीन पाठवतो म्हणतात. घेऊ का? आणि रात्री त्रास झाला की आम्ही गरम पाण्याची वाफ देत होतो, ती द्यावी का?

खाडीकाठ

ताई, मुलीचं ऐकून वाईट वाटलं, पण लवकर कळलं हे चांगलं. मला तिशी उलटल्यावर दमा झाला, तो कामातून. रत्नागिरीजवळ कोलंबी सोलायच्या कामाला जायचे. सुरुवातीला नाक गळायचं, शिंका यायच्या. मग संध्याकाळी घरी आल्यावर छाती भरायची. मला वाटायचं थंड पाण्यात उभं राहून होतंय. छातीच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सुट्टीच्या दिवशी कसं असतं?" तेव्हा लक्षात आलं, गणपतीला गावी गेले की मी चांगली असते.

त्यांनी पीक फ्लो मीटर दिलं. छोटी नळी असते, जोरात फुंकायची, काटा सरकतो. उभं राहून, पोटभर श्वास घेऊन, एकदम झटक्यात. तीनदा फुंकून मोठा आकडा लिहायचा. कामाच्या आठवड्यात माझा आकडा तीनशेच्या खाली घसरायचा, सुट्टीत साडेतीनशेच्या वर. वहीत समोरासमोर बघितल्यावर वादच उरला नाही. शिजवताना आणि पाण्याचा फवारा मारताना कोलंबीतले कण हवेत उडतात, त्यांची अॅलर्जी होते असं डॉक्टर म्हणाले. शिवाय कोलंबी काळी पडू नये म्हणून जी सल्फाइटची पावडर वापरतात तिचा उग्र वायू निघतो, तो दमेकऱ्यांना फार लागतो. मालकांनी आधी ऐकून घेतलं नाही, मुकादम म्हणाला बाकीच्या बायकांना कसं काही होत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवल्यावर शेवटी बाहेरच्या पॅकिंगला बदली मिळाली. त्रास पुष्कळ कमी झाला, पंप अजून आहे.

माझं सांगायचं एवढंच की तुमच्या मुलीसाठीही ते मीटर विचारा. नऊ वर्षांच्या मुलीला जमतं. आकडा आधी पडतो आणि खोकला नंतर येतो, तेवढा वेळ हातात मिळतो. आणि मासळीच्या कामात कोणी असेल आणि सुट्टीत बरं वाटत असेल, तर कृपा करून ते डॉक्टरांना सांगा. आपण सांगितल्याशिवाय त्यांना कळत नाही.

औषधखिडकी

खाडीकाठ ताईंनी लिहिलंय ते सोन्यासारखं आहे. मीटरचा आकडा प्रत्येकाचा वेगळा. मुलगी उत्तम असताना तिचा सर्वांत चांगला आकडा येतो तो धरून डॉक्टर रेघा आखून देतात. साधारणपणे त्याच्या ८० टक्क्यांच्या वर ठीक, ५० टक्क्यांच्या खाली तातडीनं दवाखाना.

नेब्युलायझरची गरज बहुतेकांना नसते. हलक्या आणि मध्यम अटॅकमध्ये निळा पंप स्पेसरमधून नीट दिला तर मशीनइतकाच उपयोगी पडतो. आणि आपल्याकडे पहिल्या वाऱ्यालाच वीज जाते. स्पेसरला वीज लागत नाही, तो दप्तरात मावतो. मशीन घरात आलं की आणखी एक होतं, लोक वाफारे देत देत घरीच थांबतात आणि निघायला उशीर होतो. दिरांना सांगा, त्याऐवजी एक जास्तीचा स्पेसर आणि पीक फ्लो मीटर पाठवा.

गरम पाण्याची वाफ नको. आवळलेल्या नळ्या तिनं सुटत नाहीत. उकळत्या पाण्यानं भाजलेली मुलं मात्र मी पाहिलेली आहेत.

संगमेश्वरी

थोडं वेगळं लिहितो, कदाचित कोणाच्या आईवडिलांच्या उपयोगी पडेल. माझी आई गावी एकटी असते. जन्मभर चुलीवर स्वयंपाक. तिला दम लागायचा, गावात सगळे दमाच म्हणायचे आणि निळ्या पंपावर चालू होतं. स्पायरोमेट्री केल्यावर कळलं की तिला सीओपीडी आहे, धुरानं फुप्फुसं कायमची खराब झालेली. त्यात यंत्राच्या नळीत जोरात फुंकून तपासणी, मग पंपाचं औषध देऊन परत तपासणी, असं करतात. दम्यात बहुधा आकडा चांगला वाढतो, तिचा फारसा वाढला नाही. उपचार बदलले, आता बरी आहे.

मध्ये तिचा त्रास अचानक वाढला होता. कारण सापडेना. शेवटी डॉक्टरांनी सगळ्या औषधांची पिशवीच आणायला सांगितली. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंब सुरू झाले होते. डोळ्यांतले थेंब छातीला त्रास देतील असं आमच्या स्वप्नातही नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दुसरे थेंब दिले. दम्याच्या माणसानं कुठल्याही डॉक्टरांकडे गेल्यावर, अगदी दातांच्या आणि डोळ्यांच्यासुद्धा, पहिल्यांदा दमा आहे हे सांगावं. काही दमेकऱ्यांना अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनीही अटॅक येतो, असं त्याच वेळी कळलं.

चाफा_अंगणी

काल कणकवलीला जाऊन आलो. सासूबाईही आल्या होत्या, त्यांनीच डॉक्टरांना सगळं विचारलं. रोजचा पंप आहे तसाच चालू. दिवाळीनंतर तपासून, सगळं नीट असेल तर डोस कमी करायचं बघू म्हणाले. फ्लूची लस पाऊस सुरू व्हायच्या आत घ्यायची ठरली. नाक सतत चोंदतं त्यासाठी नाकातला फवारा दिला, नाकाची अॅलर्जी तशीच राहिली तर छातीही शांत राहत नाही म्हणाले.

कागद लिहून दिलाय. हिरव्या, पिवळ्या, लाल अशा तीन भागांत, मीटरच्या आकड्यांसकट. एक फ्रिजवर लावला, एक पंपाच्या डब्यात. वाडीत चारचाकी असलेल्या दोघांशी यजमान बोलून आलेत, रात्री केव्हाही फोन करा म्हणाले. न्हाणीच्या चुलीचं सासऱ्यांनी मनावर घेतलंय, पत्र्याचं धुराडं बसवून धूर कौलांच्या वर काढणार आहेत.

आता शाळेचं. जून मध्याला शाळा उघडते. बाई नवीन आहेत. निळा पंप दप्तरात द्यावा की बाईंकडे? आणि खेळाच्या तासाला तिला बसवून ठेवावं का? गेल्या वर्षी बसवत होते, ती फार हिरमुसायची.

औषधखिडकी

बसवून ठेवू नका. दमा ताब्यात असेल तर तिनं धावलंच पाहिजे. धावल्यावर खोकला येत असेल तर ती गोष्ट डॉक्टरांना सांगायची, उपचारात तेवढी कसर आहे असं समजायचं. खेळण्याआधी थोडं चालून अंग मोकळं करायला सांगा. पावसाचा गार वारा असेल तर नाकानं श्वास घ्यायचा, नाक-तोंडावरून रुमाल.

निळा पंप आणि स्पेसर दोन्ही शाळेत हवेत, आणि ते कुलपात नकोत. मुख्याध्यापकांच्या कपाटाची चावी ऐनवेळी सापडत नाही. वर्गातच, बाईंच्या टेबलाच्या खणात, मुलीलाही माहीत असलेल्या जागी ठेवा. डब्यावर मुलीचं नाव, औषधाचं नाव, संपायची तारीख आणि तुम्हा दोघांचे फोन मोठ्या अक्षरांत चिकटवा. आत त्या कागदाची तिसरी प्रत घाला. पहिल्याच दिवशी तुम्ही स्वतः जाऊन बाईंच्या समोर मुलीला पंप घ्यायला लावा, आणि मग बाईंकडून रिकाम्या स्पेसरवर एकदा करवून घ्या. खेळाच्या सरांनाही तेव्हाच बोलवा.